जुन्या लिनक्स डेस्कटॉपवर होमब्रिज सुरक्षितपणे कसे बसवावे?

मनीषनगरकर (प्रश्न)

नमस्कार. आमचे घर नागपुरात मनीषनगर भागात आहे. घरी आई-बाबा असतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्याला राहतो. घरात हळूहळू बरीच स्मार्ट उपकरणे जमा झाली आहेत: हॉल आणि बेडरूममधले वाय-फाय बल्ब, कूलरला लावलेला स्मार्ट प्लग, एसीच्या रिमोटचे काम करणारी इन्फ्रारेड डबी आणि फाटकावरचा कॅमेरा. प्रत्येकाचे अ‍ॅप वेगळे असल्यामुळे बाबांची अडचण होते. कोणत्या अ‍ॅपमध्ये काय आहे हे विचारायला ते मला फोन करतात. आम्हा दोघांकडेही आयफोन असल्याने सगळी उपकरणे अ‍ॅपलच्या होम अ‍ॅपमध्ये एकत्र दिसावीत, यासाठी होमब्रिज (इतर कंपन्यांची उपकरणे होम अ‍ॅपला जोडून देणारा प्रोग्रॅम) बसवण्याचे ठरवले आहे.

त्यासाठी घरातला जुना डेस्कटॉप वापरायचा विचार आहे. त्यावर उबुंटू २०.०४ ही लिनक्स प्रणाली आहे. बाबा त्यावरच वीजबिल भरतात, बँकेचे व्यवहार पाहतात, आणि आमचे फोटो व घराची कागदपत्रेही त्याच यंत्रावर आहेत.

यूट्यूबवरच्या एका व्हिडिओत दाखवलेली रीत अशी आहे: एनपीएम या पॅकेज बसवणाऱ्या साधनाची आज्ञा सुडो लावून (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) आणि ‘अनसेफ-पर्म’ हा पर्याय जोडून चालवायची, होमब्रिज रूट (यंत्रावर सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणूनच सुरू ठेवायचे, परवानगीची चूक दाखवली तर संपूर्ण फोल्डरला ७७७ परवानगी (म्हणजे सर्वांना वाचण्या-लिहिण्याची मोकळीक) द्यायची, आणि बाहेरगावाहून वापरता यावे म्हणून राउटरमध्ये ८५८१ क्रमांकाचे पोर्ट (नेटवर्कवरून आत येण्याचे दार) उघडायचे. हे सगळे करून व्हिडिओतला गृहस्थ दहा मिनिटांत मोकळा होतो. मात्र ज्या यंत्रावर बँकेचे काम चालते त्यावर असे करणे मला पटत नाही, म्हणून अजून काहीच केलेले नाही. लिनक्स मला रोजच्या कामापुरते येते. टर्मिनलची भीती नाही, पण सर्व्हर सांभाळण्याचा अनुभवही नाही. यातल्या कोणत्या पायऱ्या खरोखर धोक्याच्या आहेत आणि त्यांऐवजी काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

जुनाप्रशासक

मनीषनगरकर, आपण थांबलात हे योग्यच केले. व्हिडिओतल्या रीतीने होमब्रिज चालू होते यात शंका नाही, आणि म्हणूनच असे व्हिडिओ चालतात. पण त्यातली प्रत्येक पायरी म्हणजे समोर आलेल्या अडथळ्याला बाजूला सारण्यासाठी एकेक कडी काढून टाकणे आहे, आणि तो अडथळा तिथे कशासाठी होता हे कोणी विचारलेले नाही.

मुळात होमब्रिज हा स्वतः लहानसा प्रोग्रॅम आहे. खरे काम प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचे पूरक प्रोग्रॅम, करतात. बल्बचे एक, इन्फ्रारेड डबीचे दुसरे, कॅमेऱ्याचे तिसरे असे ते वेगवेगळे असतात. ते बहुतांशी हौशी लोक लिहितात, आणि एनपीएमच्या सार्वजनिक भांडारातून आपल्या यंत्रावर उतरतात. एका प्लगइनमागे त्याला लागणारी कितीतरी लहानमोठी पॅकेजेस ओढली जातात, ज्यांची नावेही आपण कधी वाचत नाही. त्यात एनपीएमच्या पॅकेजला बसवले जात असतानाच स्वतःची स्क्रिप्ट चालवता येते. म्हणजे आपण प्लगइन एकदाही सुरू न करता, केवळ बसवताना, परक्याचा कोड आपल्या यंत्रावर चालून गेलेला असतो. ही आज्ञा सुडो लावून दिली तर तो कोड रूटच्या अधिकाराने चालू शकतो. जुन्या एनपीएममध्ये यावर एक बंधन होते: रूटने पॅकेज बसवले तरी त्याच्या स्क्रिप्ट कमी अधिकाराच्या वापरकर्त्याच्या नावाने चालवल्या जात. ‘अनसेफ-पर्म’ हा पर्याय नेमके तेच बंधन काढतो. नव्या एनपीएममध्ये तो पर्यायच उरलेला नाही, त्यामुळे ज्या व्हिडिओत तो दिसतो तो जुना आहे किंवा जुन्यावरून उतरवलेला आहे, असे खुशाल समजावे.

ही भीती पुस्तकी नाही. २०१८ साली ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या फार वापरल्या जाणाऱ्या पॅकेजची देखभाल एका नव्या माणसाकडे गेली आणि त्याच्या मार्गाने बिटकॉइनची पाकिटे लुटणारा कोड अनेकांच्या यंत्रांवर पोहोचला. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘यूए-पार्सर-जेएस’च्या लेखकाचे खातेच कोणीतरी ताब्यात घेतले आणि पासवर्ड चोरणाऱ्या आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. यापैकी कोणतेही होमब्रिजचे पॅकेज नव्हते, पण भांडार तेच आहे. होमब्रिजचा गट काही प्लगइनना ‘व्हेरिफाइड’ अशी खूण देतो. ती ठरावीक निकष तपासून दिलेली असते, त्यामुळे शक्यतो तेच निवडावेत. प्रत्येक नव्या आवृत्तीची ओळन्‌ओळ कोणी वाचली आहे असा मात्र त्या खुणेचा अर्थ नाही.

म्हणून करायचे ते असे. होमब्रिजचे स्वतःचे अधिकृत अ‍ॅप्ट (उबुंटूचे पॅकेज बसवण्याचे साधन) भांडार आहे. ते जोडताना त्याची सही तपासणारी चावी द्यावी आणि नेहमीच्या पॅकेजप्रमाणे होमब्रिज बसवावे. हे पॅकेज आपल्यासोबत स्वतःचा नोड-जेएस (होमब्रिज ज्याच्या आधारावर चालते तो प्रोग्रॅम) आणते, तो ऑप्टखालच्या होमब्रिज फोल्डरात ठेवते, ‘होमब्रिज’ नावाचा वेगळा वापरकर्ता तयार करते आणि सिस्टमडीची (मागे चालणारे प्रोग्रॅम सांभाळणारी लिनक्सची व्यवस्था) सर्व्हिस त्याच्याच नावाने चालवते. प्लगइन, सेटिंग आणि जोडणीच्या चाव्या हे सगळे व्हारमधल्या लिबखालच्या होमब्रिज फोल्डरात राहते. आपल्याला वेगळे काही रचावे लागत नाही. बसवल्यावर मात्र एक गोष्ट पाहून घ्यावी: सुडोला ‘होमब्रिज या वापरकर्त्याला कोणकोणते अधिकार आहेत’ असे विचारता येते. ती यादी अवश्य वाचा. स्वतंत्र वापरकर्ता आहे पण त्याला पासवर्डशिवाय वाटेल ते सुडो करता येते, अशी स्थिती असेल तर वेगळेपणाला अर्थ उरत नाही. होमब्रिजच्या वेब पानावर टर्मिनल उघडण्याचीही सोय असते, हेही ध्यानात असू द्या. त्या पानाचा पासवर्ड ज्याच्या हाती गेला त्याच्या हाती टर्मिनल गेले.

आता ७७७ विषयी. ही चूक बहुधा अशी उद्भवते की आधी कोणीतरी सुडोने एखादी फाइल तयार केलेली असते, तिची मालकी रूटकडे जाते आणि नंतर साध्या वापरकर्त्याने चालणाऱ्या सर्व्हिसला ती उघडता येत नाही. यावर उपाय फाइलची मालकी होमब्रिज वापरकर्त्याकडे परत देणे हा आहे. सर्वांना सगळे लिहू देणे हा नव्हे. होमब्रिजच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याचा पासवर्ड, निरनिराळ्या कंपन्यांच्या क्लाउड खात्यांची टोकने आणि अ‍ॅपमध्ये घालायचा आठ आकडी जोडणीसंकेत हे सगळे साध्या मजकुरात लिहिलेले असते. फोल्डरला ७७७ दिल्यावर त्या यंत्रावरचा कोणताही प्रोग्रॅम ती फाइल वाचू शकतो, आणि प्लगइनचा कोड बदलून तो होमब्रिजकडून चालवूनही घेऊ शकतो. त्या फाइलला ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येते) आणि फोल्डरला ७५० (मालक व त्याच्या गटापुरते) पुरेसे आहे.

यापेक्षाही महत्त्वाची, आणि सहसा कोणी न सांगणारी गोष्ट आपल्या उबुंटूच्या आवृत्तीत दडलेली आहे. उबुंटू २१.०४ पूर्वी वापरकर्त्याचे होम फोल्डर ७५५ परवानगीने तयार होत असे, म्हणजे यंत्रावरच्या इतर प्रत्येक वापरकर्त्याला ते उघडून वाचता येई. आपली प्रणाली २०.०४ ची असल्यामुळे बाबांचे होम फोल्डर जवळजवळ निश्चितपणे तसेच आहे, आणि प्रणाली पुढच्या आवृत्तीवर नेली तरी जुन्या फोल्डरची परवानगी आपोआप बदलत नाही. याचा अर्थ असा की होमब्रिज कितीही नीट वेगळ्या वापरकर्त्याने चालवले तरी त्या वापरकर्त्याला बाबांचे फोटो आणि उतरवून ठेवलेली बँकेची विवरणपत्रे वाचता येतील. ते फोल्डर आजच ७०० करा, म्हणजे ते फक्त मालकालाच उघडता येईल. होमब्रिज बसवले नाही तरीही करा.

शेवटी, २०.०४ ची नेहमीची मोफत सुरक्षा-मुदत २०२५ मध्येच संपलेली आहे. नवे काही बसवण्याआधी प्रणाली बदलणे भाग आहे. थेट २४.०४ वर उडी घेता येत नाही, आधी २२.०४ व मग २४.०४ असे जावे लागते. त्यामुळे कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून कोरी प्रणाली बसवणे मला अधिक सोपे वाटते. आणि जमत असेल तर बँकेचे काम या यंत्रावरून काढून बाबांच्या फोनवर किंवा दुसऱ्या लॅपटॉपवर न्यावे. एकाच पेटीत दोन्ही ठेवून कुलपे वाढवत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

जाळेविणकर

वरील उत्तर पूर्ण आहे, म्हणून मी केवळ पोर्ट उघडण्याच्या पायरीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते व्हिडिओतली सर्वांत घातक पायरी तीच आहे.

८५८१ वरचे होमब्रिजचे वेब पान मुळात साध्या एचटीटीपीवर चालते. ते इंटरनेटवर उघडे केले की आपण पुण्यातल्या कॅफेत बसून टाकलेला पासवर्ड वाटेत कूटबद्ध नसतो. त्यापलीकडे, उघडी पोर्टे शोधत फिरणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात, त्यांना आपला पत्ता कोणी सांगावा लागत नाही. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते केवळ कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांची छोटी यादी एकापाठोपाठ एक लावून पाहत. होमब्रिजच्या जुन्या आवृत्त्यांतही नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘अ‍ॅडमिन’ असेच येत असत. आता पहिल्यांदा पान उघडताच स्वतःचे खाते तयार करावे लागते, ही सुधारणा चांगली आहे, पण त्यामुळे ते पान जगासमोर मांडण्यालायक होत नाही.

आणि गंमत म्हणजे आपल्याला याची गरजच नाही. होम अ‍ॅपला बाहेरगावाहून घर चालवण्यासाठी घरात एक ‘होम हब’ लागतो, आणि ते काम अ‍ॅपल टीव्ही किंवा होमपॉड करतो. पूर्वी आयपॅडही चालत असे; होमच्या नव्या रचनेत तो चालत नाही, त्यामुळे घरात जुना आयपॅड पडून असेल तर त्यावर भिस्त ठेवू नये. फोन आणि हब यांच्यातला संवाद आयक्लाउडमार्गे कूटबद्ध होऊन जातो, हब पुढे घरातल्या घरात होमब्रिजशी बोलतो, आणि राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावे लागत नाही. हबचा खर्च होतो हे मान्य, पण पुण्याहून आई-बाबांसाठी कूलर चालू करायचा असेल तर हाच सरळ मार्ग आहे.

आपल्या राउटरच्या पानावर ‘वॅन’ (इंटरनेटकडच्या) बाजूचा पत्ता काय दिसतो ते पाहावे. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर आपली सेवा देणारी कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून देत आहे, आणि अशा जोडणीत आपण राउटरमध्ये कितीही पोर्टे उघडली तरी बाहेरून कोणी आयपीव्ही४ ने आत येऊ शकत नाही. कित्येक जण यातच रात्र घालवतात. मात्र त्यावर विसंबून निर्धास्त राहू नये, कारण बऱ्याच ठिकाणी सोबत आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) दिलेले असते आणि त्यात प्रत्येक यंत्राला थेट सार्वजनिक पत्ता मिळतो. तिथे अडवणारी एकच गोष्ट म्हणजे फायरवॉल. राउटरमधली आयपीव्ही६ ची फायरवॉल चालू असल्याची खात्री करा आणि डेस्कटॉपवरही यूएफडब्ल्यू ही उबुंटूची फायरवॉल लावा.

यूएफडब्ल्यूमध्ये बाहेरून येणारे सगळे बंद, आतून जाणारे चालू, अशी सुरुवात करावी. एसएसएचने (दुरून टर्मिनल वापरण्याच्या सोयीने) काम करत असाल तर फायरवॉल सुरू करण्यापूर्वी एसएसएचला परवानगी द्यावी, नाहीतर स्वतःलाच बाहेर कोंडून घ्याल आणि नागपूरला जावे लागेल. त्यानंतर ८५८१ हे पोर्ट केवळ घरातल्या पत्त्यांसाठी उघडावे. होमब्रिजच्या मुख्य ब्रिजचे (होम अ‍ॅपशी जोडला जाणारा दुवा) पोर्ट सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेले असते, तेही तसेच उघडावे. उपकरणे एकमेकांना शोधतात ते एमडीएनएसने, म्हणजे यूडीपीच्या ५३५३ पोर्टावर. त्याची परवानगी यूएफडब्ल्यूच्या मूळ नियमांत आधीपासून असते, तिथे हात लावू नये. डेस्कटॉपला राउटरमधून कायम एकच आतला पत्ता बांधून द्यावा.

पुण्याहून त्या यंत्राची डागडुजी करायची असेल, म्हणजे अपडेट किंवा लॉग पाहणे, तर वायरगार्डवर (कूटबद्ध खासगी जोडणीची पद्धत) आधारलेली टेलस्केलसारखी सोय बसवा. तिला सार्वजनिक पत्ता लागत नाही.

मनीषनगरकर

दोघांचेही मनापासून आभार. राउटरच्या पानावरचा पत्ता खरोखरच १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला निघाला, म्हणजे व्हिडिओतली शेवटची पायरी आमच्याकडे चाललीच नसती. बाबांचे होम फोल्डरही ७५५ होते, ते बदलले. यंत्रावर आता कोरे उबुंटू २४.०४ आहे, होमब्रिज अधिकृत भांडारातून बसवले आहे आणि बाबांचा बँकेचा व्यवहार फोनवर नेला आहे.

दोन अडचणी उरल्या आहेत. पहिली अशी की मुख्य ब्रिज होम अ‍ॅपमध्ये जोडला गेला, पण बल्बचे प्लगइन मी ‘चाइल्ड ब्रिज’ (त्या प्लगइनपुरता स्वतंत्र दुवा) म्हणून वेगळे केल्यापासून यूएफडब्ल्यू चालू असताना ते बल्ब ‘नो रिस्पॉन्स’ दाखवतात आणि यूएफडब्ल्यू बंद केले की लगेच चालू होतात. दुसरी अशी की सिस्टमडीमध्ये सर्व्हिसला आणखी बंधने घालता येतात असे वाचले. ती घालावीत का?

जाळेविणकर

पहिल्या अडचणीचे कारण सोपे आहे. प्रत्येक चाइल्ड ब्रिज ही वेगळी प्रक्रिया असते आणि तिला स्वतःचे वेगळे पोर्ट लागते. आपण उघडले ते मुख्य ब्रिजचे. शोध एमडीएनएसने होतो आणि ते उघडे असल्यामुळे बल्ब अ‍ॅपमध्ये दिसतात, पण प्रत्यक्ष बोलणे टीसीपीच्या त्या दुसऱ्या पोर्टावर व्हायचे असते आणि तिथे दार बंद असते. म्हणून ‘दिसते पण उत्तर देत नाही’. होमब्रिजच्या सेटिंगमध्ये ‘पोर्ट्स’ नावाचा भाग असतो, त्यात सुरुवातीचा आणि शेवटचा क्रमांक देता येतो, उदाहरणार्थ ५२१०० ते ५२१५०. तो पट्टा ठरवून द्या, तोच पट्टा यूएफडब्ल्यूमध्ये घरातल्या पत्त्यांपुरता उघडा आणि होमब्रिज पुन्हा सुरू करा. एखाद्या चाइल्ड ब्रिजला स्वतःचे निश्चित पोर्ट लिहून दिलेले असेल तर तेही त्या पट्ट्यात बसते का ते पाहा.

चाइल्ड ब्रिज वेगळा केला हे मात्र चांगले झाले. एखादे प्लगइन कोसळले तर बाकीची उपकरणे चालू राहतात. पण सगळे चाइल्ड ब्रिज एकाच ‘होमब्रिज’ वापरकर्त्याच्या नावाने चालत असल्याने एका प्लगइनला दुसऱ्याचे पासवर्ड वाचण्यापासून ही व्यवस्था रोखत नाही. सुरक्षा म्हणून तिच्याकडे पाहू नये.

कोणीतरी डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डबीत चालवण्याची सोय) सुचवण्याआधीच लिहितो: एमडीएनएस चालावे म्हणून तिथे होमब्रिजला यजमानाचेच (मूळ यंत्राचेच) नेटवर्क द्यावे लागते, त्यामुळे नेटवर्कपुरता वेगळेपणा जातो. आणि इतर काही डॉकरमध्ये चालवून त्याची पोर्टे प्रकाशित केलीत तर डॉकर स्वतःचे नियम यूएफडब्ल्यूला वळसा घालून लावतो; यूएफडब्ल्यूच्या यादीत बंद दिसणारे पोर्ट प्रत्यक्षात उघडे असते. फायली वेगळ्या ठेवण्यासाठी डॉकर चांगला आहे, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याने अ‍ॅप्टचा मार्गच धरावा, असे माझे मत आहे.

जुनाप्रशासक

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, पण बेताने’ असे आहे. मूळ सर्व्हिस फाइलला हात न लावता सिस्टमसीटीएलच्या ‘एडिट’ आज्ञेने वरून जोडपत्र तयार करावे, म्हणजे पुढच्या अपडेटमध्ये आपले बदल पुसले जात नाहीत. त्यात ‘प्रोटेक्ट-होम’ चालू करावे; त्यामुळे सर्व्हिसला होमखालची सगळी फोल्डरे रिकामी दिसतात किंवा उघडताच येत नाहीत, आणि परवानग्यांमध्ये कधी चूक झालीच तरी दुसरी भिंत उभी राहते. ‘प्रायव्हेट-टेंप’ही निर्धोक आहे. ‘प्रोटेक्ट-सिस्टम’ला ‘स्ट्रिक्ट’ ही किंमत दिली तर सगळी डिस्क केवळ वाचण्यापुरती उरते. मग व्हार-लिबमधले होमब्रिजचे फोल्डर लिहिण्यासाठी वेगळे मोकळे करून द्यावे लागते. प्लगइन तिथेच बसत असल्यामुळे त्यांचे अपडेट वेब पानावरून चालू राहतात, परंतु ऑप्टमधल्या नोडचे अपडेट आतून होणार नाही; ते अ‍ॅप्टने करावे.

‘नो-न्यू-प्रिव्हिलेजेस’ लावले की आतून सुडो चालत नाही. वेब पानावरून अख्खे यंत्र बंद-चालू करण्याची सोय त्यामुळे जाते. मला तरी ती गेलेलीच बरी वाटते. एक पर्याय मात्र मोहात पडून लावू नये. ‘मेमरी-डिनाय-राइट-एक्झिक्यूट’ हे नाव भारदस्त आहे आणि सिस्टमडीचा सुरक्षा-अहवाल ते लावले नाही म्हणून गुणही कापतो, पण नोड-जेएस कोड चालता चालता यंत्रभाषेत रूपांतरित करून स्मृतीत लिहितो आणि तिथूनच चालवतो. हा पर्याय नेमके तेच बंद करतो, त्यामुळे होमब्रिज उभेच राहत नाही. अहवालातल्या गुणांच्या मागे लागू नये. एक बदल करावा, सर्व्हिस पुन्हा सुरू करून लॉग पाहावा, आणि मगच पुढचा करावा.

कंडेन्सरवाला

मी प्रतापनगरात राहतो आणि विजेची कामे करतो. इथे सगळे फायरवॉलवर बोलत आहेत, पण नागपुरातल्या घरात हे यंत्र आधी बंद पडेल ते लाईट गेल्यामुळे किंवा नवतप्यातल्या उकाड्यामुळे, म्हणून चार गोष्टी सांगतो.

डेस्कटॉप आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर असावेत. इन्व्हर्टरला ‘यूपीएस’ मोड असेल तर तो लावावा, कारण साध्या मोडमध्ये लाईट जाऊन इन्व्हर्टर उचलेपर्यंत डेस्कटॉप पुन्हा सुरू होऊन बसतो. बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हावे’ हा पर्याय असतो, तो चालू करा. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असेल तर वीज पूर्ण गेल्यावर घड्याळ काही वर्षे मागे जाते. मग कंपन्यांच्या क्लाउडशी जोडणी प्रमाणपत्राच्या तारखेवरून नाकारली जाऊ शकते आणि माणूस प्लगइनमध्ये दोष शोधत राहतो. सेल सीताबर्डीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, तो बदलून टाकावा. यंत्र माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवू नये. पंख्यातली धूळ एप्रिलच्या आधी काढावी.

कूलरच्या प्लगबद्दल विशेष सांगतो. मोटर सुरू होताना क्षणभर बराच जास्त प्रवाह ओढते, त्यामुळे मोठ्या डेझर्ट कूलरला ६ अँपिअरचा स्मार्ट प्लग लावू नये, १६ अँपिअरचाच लावावा. एसीला तर लावूच नये, त्याला रिमोटची डबी पुरे. प्लगच्या अ‍ॅपमध्ये लाईट परत आल्यावर प्लग चालू राहावा, बंद राहावा की आधीच्या स्थितीत यावा, हे ठरवता येत असेल तर कूलरसाठी ‘आधीची स्थिती’ निवडा. म्हातारी माणसे दुपारी झोपलेली असताना लाईट येऊनही कूलर बंदच राहिला, असे मे महिन्यात होता कामा नये. आणि भिंतीवरचे साधे बटण काढू नका.

मनीषनगरकर

पोर्टांचा पट्टा ठरवून दिल्यावर बल्ब सुरळीत चालू झाले. ‘प्रोटेक्ट-होम’, ‘प्रायव्हेट-टेंप’ आणि ‘नो-न्यू-प्रिव्हिलेजेस’ ही तीन बंधने लावली असून लॉगमध्ये तक्रार नाही. ‘स्ट्रिक्ट’ सध्या सोडून दिले आहे. प्लग १६ अँपिअरचाच आहे, सेल बदलायला बाबांना सांगितले आहे. आता शेवटची शंका: बॅकअप कशाचा घ्यावा, आणि अपडेट आपोआप होऊ द्यावेत का? डेस्कटॉपची डिस्क जुनी आहे, आणि ती गेली तर सगळे पुन्हा जोडायला मला नागपूरला यावे लागू नये.

जुनाप्रशासक

होमब्रिजच्या वेब पानावरून बॅकअपची एकच संकुचित फाइल उतरवता येते. सेटिंग, प्लगइनची यादी आणि ‘पर्सिस्ट’ फोल्डर यांसह. यातले ‘पर्सिस्ट’ हे सर्वांत मोलाचे, कारण होम अ‍ॅपशी झालेल्या जोडणीच्या चाव्या तिथे असतात. त्या परत बसवल्या तर नव्या डिस्कवरही अ‍ॅपला तोच ब्रिज दिसतो आणि खोल्या व ऑटोमेशन जसेच्या तसे राहतात. त्या हरवल्या तर जुना ब्रिज अ‍ॅपमधून काढून प्रत्येक गोष्ट नव्याने मांडावी लागते. या फाइलमध्ये चाव्या, टोकने आणि पासवर्ड सगळेच असल्यामुळे ती व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलने स्वतःला पाठवू नये. पासवर्ड घालून कूटबद्ध करावी आणि पुण्यातल्या आपल्या लॅपटॉपवर ठेवावी. वाय-फाय बल्बांचे प्लगइन ‘लोकल की’ वापरून घरातल्या घरात बोलणारे असेल, तर तो बल्ब त्याच्या मूळ अ‍ॅपमधून काढून पुन्हा जोडल्यावर ती की बदलते. अशा बदलानंतर नवा बॅकअप घ्यावा.

अपडेटच्या बाबतीत दोन भाग करावेत. उबुंटूची सुरक्षा-अपडेट ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ने आपोआप होऊ द्यावीत, त्यात विचार करण्यासारखे काही नाही. प्लगइनची अपडेट मात्र हातानेच करावीत, आणि नवी आवृत्ती आल्या आल्या नव्हे. एक-दोन आठवडे थांबून, बदलांची नोंद वाचून, बॅकअप घेऊन करावीत. वर सांगितलेल्या यूए-पार्सर-जेएसच्या बाधित आवृत्त्या काही तासांतच काढून टाकल्या गेल्या होत्या. ज्यांनी त्या वेळात अपडेट केले त्यांनाच त्या मिळाल्या. अपवाद एकच: नोंदीत सुरक्षेतला दोष दुरुस्त केल्याचे स्पष्ट लिहिले असेल तर थांबू नये. हे काम टेलस्केलमार्गे पुण्याहून करता येईल, पण उन्हाळ्यात दुपारच्या वेळी करू नका. प्लगइन अडले तर कूलर भिंतीवरच्या बटणाने लावावा लागेल, आणि ते बटण कुठले हे बाबांना आधी दाखवून ठेवा.